गावाकडचं प्राणीगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या, आडगावच्या फार्मसी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले परिचर, विद्यार्थी आणि शिक्षक प्राणीगृहाबद्दल, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या खोलीबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. नियमपुस्तिकेतल्या प्राणीगृहात बारा महिने गारवा असतो आणि लाईन कधी जात नाही. आपल्याकडचं प्राणीगृह एप्रिलात भट्टी होतं, ऑगस्टात ओलं होतं आणि डिसेंबरच्या रात्री गारठतं. उत्तरं ह्या दुसऱ्या प्रकारच्या खोलीसाठी आहेत. मोठ्या पांढऱ्या उंदराला ‘रॅट’ आणि लहानाला ‘माईस’ हे परिचरांच्या तोंडचे शब्द तसेच ठेवले आहेत.

१. आमच्याकडे फक्त बी.फार्म आहे. प्रॅक्टिकलसाठी प्राणी ठेवावेच लागतात का?

नाही. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजी प्रॅक्टिकलखाली स्पष्ट टीप आहे की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ दाखवूनच करावेत. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेलं ‘एक्सफार्म’ त्यासाठी सर्रास वापरतात. एम.फार्म किंवा पीएच.डी.चं संशोधन चालू नसेल, तर केवळ तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला चार पिंजरे भरून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या खोलीत काम चालत नाही, तिथे कोणाचं रोज लक्षही नसतं आणि सगळ्यात वाईट हाल तिथेच होतात.

२. संशोधन करायचं आहे. परवानगी कोणाची, आणि प्राणी कुठून आणायचे?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे: सीसीएसईए, जुनं नाव सीपीसीएसईए. संस्थेची नोंदणी तिच्याकडे होते. रॅट, माईस, गिनीपिग, ससे अशा लहान प्राण्यांच्या प्रयोगाला संस्थेतली नैतिक समिती मंजुरी देते. मोठ्या प्राण्यांसाठी केंद्राच्या समितीकडेच जावं लागतं. नैतिक समितीत आठ जण असतात. त्यात पशुवैद्यक, बाहेरच्या संस्थेचा एक शास्त्रज्ञ, केंद्राचा प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ नसलेली एक जाणती व्यक्तीही लागते. ही शेवटची व्यक्ती गावातला वकील किंवा निवृत्त शिक्षकही असू शकते, फक्त त्यांनी प्रश्न विचारले पाहिजेत. अर्ज ‘फॉर्म बी’वर आणि प्राण्यांची व प्रयोगांची नोंद ‘फॉर्म डी’त करायची.

प्राणी फक्त नोंदणीकृत पैदासकाराकडून घ्यायचे. आठवडी बाजारातला ससा, शेतातला उंदीर चालत नाही. रानससा तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. शेतातल्या उंदरासोबत लेप्टोस्पायरोसिस प्राणीगृहात येऊ शकतो, आणि तो माणसालाही होतो.

३. पुण्याहून किंवा हैदराबादहून रॅट मागवले, पोहोचेपर्यंत दोन मेले. काय चुकलं?

बहुतेक वेळा ट्रॅव्हल्सची डिकी. उन्हात उभ्या गाडीची डिकी सीटांच्या भागापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि तिथे हवा फिरत नाही. मार्च ते जूनमध्ये शक्यतो मागवूच नका. मागवायचेच असतील तर रात्रीचा प्रवास आणि सोबत माणूस हवा. पेटीत पाण्याची बाटली लावू नका, ती हिंदकळून बेडिंग (प्राण्यांखालचं अंथरूण) ओलं करते. त्याऐवजी काकडीचे मोठे तुकडे ठेवा. आल्यावर निदान एक आठवडा वेगळ्या खोलीत ठेवा, त्या काळात कोणताही प्रयोग करू नका.

४. एका पिंजऱ्यात किती ठेवायचे?

पिंजऱ्याचा तळ आतून मोजा, वरचं तोंड मोजू नका. पिंजरा खाली निमुळता असतो. २०० ते ३०० ग्रॅमच्या रॅटला १८७ चौरस सेंमी, ३०० ते ४०० ग्रॅमच्या रॅटला २५८ चौरस सेंमी जागा हवी. तळ ३८ × २५ सेंमी भरला तर ९५० चौरस सेंमी झाले. त्यात २५० ग्रॅमचे पाच बसतात, पण हेच नर वाढून ३५० ग्रॅमचे झाले की तीनच. पहिल्या दिवशी पाच ठेवले आणि शेवटपर्यंत पाचच राहिले, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

रॅटला एकटं ठेवू नका, तो कळपातला प्राणी आहे. वेगवेगळ्या वेतांतले प्रौढ नर माईस मात्र एकत्र टाकू नका. रात्रीतून एकमेकांची पाठ आणि शेपटी फोडतात.

५. मे महिन्यात खोली ३८ वर जाते. कूलर पुरेल की एसीच लागेल?

मर्यादा १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के. उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता टाकतो आणि ते पुरेनासं झालं की अंगाला लाळ फासतो. ससा आणि गिनीपिग तर २८-३० च्या पुढेच धापा टाकायला लागतात.

कोरड्या उन्हाळ्यात कूलर इथे खरंच काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या कूलरची हवा साधारण २७-२८ अंशांची येते. म्हणजे मर्यादेच्या आत, पण काठावर. त्यासाठी तीन अटी आहेत. कूलर खिडकीबाहेर हवा आणि त्याने बाहेरची हवा ओढली पाहिजे. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला जागा हवी, नाहीतर तीच ओली हवा फिरत राहते. आणि झोत थेट पिंजऱ्यांवर नको. खस दर हंगामात बदला, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा.

एसी असेल तर उलटी काळजी. स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, ताजी हवा आणत नाही. तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलली पाहिजे. ४ × ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. गुणिले १२ केलं की तासाला ४३२ घनमीटर. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर त्याचा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या.

पण यंत्राआधी खोली. टिनाच्या शेडमध्ये किंवा गच्चीखालच्या खोलीत कितीही टनाचा एसी लावा, तो हरतो. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली निवडा. वर गच्ची असेल तर मार्चमध्येच पांढरा चुना मारा. थर्मामीटर कमाल-किमान दाखवणारा घ्या आणि तो दारापाशी टांगू नका, पिंजऱ्याच्या उंचीवर ठेवा. रॅकचा वरचा कप्पा खालच्यापेक्षा नेहमी गरम असतो. म्हणूनच ‘औषध’ गट वर आणि ‘कंट्रोल’ (औषध न दिलेला) गट कूलरजवळ अशी मांडणी झाली, की औषधाचा परिणाम मोजतो आहोत की कूलरचा, हे कोणालाच सांगता येत नाही. गट रॅकभर मिसळून ठेवा आणि दर आठवड्याला कप्पे बदला.

सशासाठी आणि गिनीपिगसाठी एक देशी उपाय फार चांगला चालतो: जुनं कवेलू, म्हणजे छपराचं कौल. धुऊन, निर्जंतुक करून, पाण्यात भिजवून पिंजऱ्यात ठेवा. ते त्यावर पोट टेकून पडतात, आणि हिवाळ्यात त्याच्याच आडोशाला लपतात.

६. लाईन गेली की काय करायचं? इन्व्हर्टरवर एसी चालत नाही.

इन्व्हर्टरवर एक्झॉस्ट आणि कूलरचा पंखा-पंप घ्या, दिवे सोडून द्या. खिडक्या लगेच उघडू नका. दुपारी दोनला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. भिजलेली पोती खिडकीवर टाका. डीप फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या कायम गोठवून ठेवा. फडक्यात गुंडाळून त्या पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायच्या, आत नाही. आत ठेवली तर बेडिंग भिजतं आणि प्राणी बाटली कुरतडतात. गर्दीचे पिंजरे दोन-दोनांत वाटा, वरच्या कप्प्यातले खाली घ्या. नवतप्यात त्या आठवड्याचे प्रयोगच पुढे ढकला. उष्णतेने पिचलेल्या प्राण्यावर घेतलेला रक्तदाब किंवा साखर तशीही लिहिण्याजोगी नसते.

७. रॅट आडवा पडला आहे, मान-छाती ओली आहे. वाचतो का?

ओली मान ही लाळेची, म्हणजे ऊन लागल्याची खूण. लगेच गार खोलीत न्या. साध्या नळाच्या पाण्याने शेपटी, पंजे आणि कान ओले करा, वर हलका पंखा. बर्फाचं पाणी ओतू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्ध नसताना तोंडात पाणी सोडू नका. प्राणी उठून बसला की ओलं करणं थांबवा, आणि कातडीखाली सलाइन किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारा. एक पडला म्हणजे बाकीचेही काठावर आहेत, हे धरून प्रश्न ६ मधली कामं त्याच वेळी सुरू करा.

८. पावसाळ्यात कूलर चालू असतो, तरी खोलीत डोळे चुरचुरतात. का?

कारण पावसाळ्यात कूलर हवा गार करत नाही, फक्त ओली करतो. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तापमान जेमतेम दोन-तीन अंश उतरतं आणि बेडिंग दमट होतं. दमट बेडिंगमध्ये मुतातल्या युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो. पंप बंद करून नुसता पंखा आणि एक्झॉस्ट चालवा. बेडिंग आठवड्यातून दोनदा बदलत असाल तर जुलै ते सप्टेंबर एक दिवसाआड बदला. अमोनिया २५ पीपीएमच्या खाली हवा. पण तुमच्या नाकाला दारातच वास आला, तर जमिनीलगत नाक असलेल्या प्राण्याला तो आधीच कितीतरी जास्त लागतो आहे. वास मारायला फिनाईल किंवा अगरबत्ती वापरू नका.

ह्याच दिवसांत लाल मुंग्या पिल्लांवर तुटून पडतात. रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. खोलीत मुंग्यांची पावडर किंवा फवारा नको.

९. उन्हाळ्यात पिल्लांच्या शेपटीला दोरा बांधल्यासारखे वळे पडतात. हा रोग आहे का?

संसर्ग नाही. ह्याला ‘रिंगटेल’ म्हणतात आणि मुख्य कारण कोरडी हवा. दूध पिणाऱ्या रॅटच्या पिल्लांत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली फार दिवस राहिली की वळे दिसतात. आपल्याकडे ते एप्रिल-मेमध्ये एसीच्या खोलीत आणि थंडीत हीटर लावलेल्या खोलीत होतं, कूलरच्या खोलीत क्वचित. वळ्यापुढचा भाग सुजतो, काळा पडतो आणि गळून जातो. जाळीच्या तळाचे पिंजरे असतील तर ते बदला, भरपूर बेडिंग आणि घरट्याचा कागद द्या, खोलीत पाण्याचं उघडं घमेलं किंवा ओली पोती ठेवा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. तो नसेल तर हे सगळं अंदाजाने चालतं.

१०. आरा मशीनचा भुसा फुकट मिळतो. चालेल?

शक्यतो नाही. बारीक धूळ नाकात जाते, आणि कुठल्या लाकडाचा आहे, त्याला वाळवीचं औषध मारलं होतं का, हे आरा मशीनवाल्यालाही माहीत नसतं. पाईन आणि देवदाराच्या जातीच्या लाकडातली सुगंधी द्रव्यं उंदराच्या यकृतातली एन्झाइमं वाढवतात. औषध किती वेळात शरीराबाहेर जातं हेच तुम्ही मोजत असाल, तर सगळे आकडे बिघडले.

भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस मुबलक आहे. चाळून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) आणि पूर्ण वाळवून वापरा. पाणी कमी शोषतं, म्हणून जास्त वेळा बदलावं लागतं. मक्याच्या कणसाचा भरडा सगळ्यात बरा, पण महाग. कोणतंही बेडिंग घ्या, प्रयोगाच्या मध्येच बदलू नका.

११. घरट्यासाठी कापूस देऊ का? तो तर हाताशी आहे.

मोह होतो खरा, पण नको. लांब धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि पाय सुजतो. न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या द्या, माईसच्या पिंजऱ्याला ८ ते १० ग्रॅम. माईसला खरं सुख ३० अंशांच्या आसपास वाटतं. डिसेंबरात खोली १८ वर आली की ते अन्नातली बरीच शक्ती अंग गरम ठेवण्यातच घालवतात. घरटं असेल तर ते आपली सोय आपण करून घेतात. रॅटला पुठ्ठ्याची नळी पुरते.

१२. बोअरचं पाणी दिलं तर?

जिल्हा बघा. यवतमाळ, चंद्रपूरच्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा खारटच. मूत्रपिंड, रक्तदाब किंवा हाडांवरचा अभ्यास अशा पाण्यावर करणं म्हणजे न सांगता दुसरं औषध देणं. आरओचं पाणी द्या.

क्षाराने बाटलीच्या नळीतली गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते आणि आत रॅट तहानेने मरतो. रोज प्रत्येक नळी बोटाने दाबून थेंब येतो का पाहा. नळ्या महिन्यातून एकदा लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवा, मग खळखळून धुवा. २५० ग्रॅमचा रॅट दिवसाला सुमारे २५ मिली पितो, उन्हाळ्यात जास्त. एका पिंजऱ्याला दोन बाटल्या असाव्यात.

१३. गोळ्यांचं खाद्य संपलं. ढेप, हरभरा, हिरवा चारा चालतो का?

सरकी ढेप कधीच नाही. तिच्यात गॉसिपॉल असतं. नरांची शुक्राणूनिर्मिती बिघडते, वजन घटतं. एखाद-दोन दिवसांची नड भिजवलेल्या हरभऱ्याने आणि गव्हाने भागते, पण नोंदवहीत तसं लिहा. गोळ्यांच्या पोत्यावरची दळणाची तारीख पाहा, पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात बुरशी लागलेल्या गोळ्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं. चाळून किंवा वाळवून ते जात नाही, पोतं फेकायचंच.

गिनीपिगला आपल्यासारखंच शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही. किलोमागे रोज निदान १० मिलिग्रॅम, गाभण मादीला ३०. दळून तीन महिने झालेल्या गोळ्यांत त्यातलं फारसं उरलेलं नसतं. आवळ्याच्या दिवसांत आवळ्याची लहान फोड रोज द्या. चारा घेताना मात्र शेवटची फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारा. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाचा अंश कोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एन्झाइम दाबतो. प्राणी मेला नाही तरी प्रयोग मेला. सशाला लसूणघास थोडी द्या. तिच्यात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ सशाच्या मूत्राशयात गाळ साठतो. त्याला खरी गरज वाळलेल्या गवताची.

१४. शेपटी धरून उचलायचं नाही म्हणता, मग कसं?

माईसला नळीत शिरू द्या आणि नळी उचला, किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. २०१० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की शेपटीने उचललेले माईस जास्त घाबरट राहतात, नळीतले माणसाच्या हाताकडे स्वतःहून येतात. रॅटला खांद्यामागून तळहात घालून छातीखालून आधार द्या. सशाचे कान कधीच धरू नका. मागच्या भागाला आधार नसेल तर तो जोराने लाथ मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो.

चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख परिचराच्या फाइलमध्ये आधीच असावी.

१५. रात्रभर उपाशी ठेवायची पद्धत सगळ्यांना लागू आहे का?

नाही. ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तोंडावाटे विषाक्तता चाचणीत रॅटचं अन्न रात्रभर काढतात, माईसचं फक्त तीन-चार तास. पाणी कोणाचंच काढत नाहीत. उंदीर रात्री खातो, त्यामुळे एका रात्रीत त्याचं जवळजवळ पूर्ण दिवसाचं जेवण जातं. संध्याकाळी पाचला अन्न काढून सकाळी अकराला डोस दिला, तर १८ तास झाले. पहाटे अन्न काढून दहाला काम केलं तर बऱ्याच चाचण्यांना पुरतं. नळीने द्यायचा द्रव किलोमागे १० मिलीपर्यंत ठेवा.

१६. रक्त एका वेळी किती घ्यावं?

रॅटच्या अंगात किलोमागे साधारण ६४ मिली रक्त असतं. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटचं १.६ मिली, आणि पुढे निदान दोन आठवडे काही नाही. डोळ्यामागून घ्यायचंच असेल तर भूल देऊनच.

१७. प्राण्याला दुखतंय हे कळतं कसं, आणि प्रयोग कधी थांबवायचा?

डोळे अर्धे मिटलेले, रॅटचे गाल-नाक चपटे (माईसचे उलट फुगलेले), कान मागे वळलेले, अंगावरचे केस उभे. माईससाठी २०१० आणि रॅटसाठी २०११ पासून चेहऱ्यावरून गुण देण्याची पद्धत आहे, ती भिंतीवर लावा. रॅटच्या डोळ्या-नाकाभोवती लालसर दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, ग्रंथीतलं रंगद्रव्य असतं. पण ती ताणाची किंवा आजाराची खूण आहेच. वजन रोज घ्या. सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घटलं की प्रयोगाचा शेवटचा दिवस यायची वाट पाहू नका. ही रेषा ‘फॉर्म बी’तच लिहून टाका, म्हणजे ऐनवेळी गाईड आणि विद्यार्थी यांच्यात वाद नको.

१८. मोह, बिबा, पळसाच्या अर्कावर काम आहे. परीक्षक जुन्या पद्धतीने एलडी-५० (निम्मे प्राणी ज्याने मरतात तो डोस) मागतात.

मोठ्या गटांत प्राणी मारून एलडी-५० काढणारी ओईसीडीची ४०१ क्रमांकाची चाचणी २००२ मध्येच रद्द झाली. ४२३ किंवा ४२५ वापरा. ४२५ च्या मर्यादा-चाचणीत २००० मिलिग्रॅम प्रति किलोला जास्तीत जास्त पाच प्राणी लागतात. हेच उत्तर लेखी द्या. त्याआधी त्याच अर्कावरचं छापून आलेलं काम शोधा. बिब्यासारख्या वनस्पतींवर इतकं झालं आहे की पहिली पायरी बऱ्याचदा वगळता येते.

१९. प्रयोगासाठी मेटाबॉलिक पिंजऱ्यात एकटं ठेवावंच लागतं. मग प्रश्न ४ चं काय?

हा खरा अपवाद आहे, पण तासांचा, आठवड्यांचा नाही. मूत्र गोळा करायला २४ तास पुरत असतील तर २५ वा तास नको. आधी दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ त्यात ठेवून सवय करा, नाहीतर पहिल्या दिवशीचं मूत्र ताणाचं असतं. जाळीवर घरटं करता येत नाही, म्हणून थंडीत खोली २४ च्या वर ठेवा. पिंजरे असे मांडा की त्यांना एकमेकांचा वास येईल आणि एकमेक दिसतील.

२०. पोळा, तान्हा पोळा, दिवाळी. सुट्टीत कोण येणार?

कोणीतरी रोज. वर्षाच्या ३६५ दिवसांचं वेळापत्रक नावानिशी दारावर लावा, दुसरं नावही लिहा. बाटल्या दुप्पट भरून दोन दिवस जाता येत नाही, कारण नळी कधी अडकेल सांगता येत नाही (प्रश्न १२). मिरवणुकीचा डीजे रस्त्यावरून जाणार असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद करा. व्यालेली मादी मोठ्या आवाजाने पिल्लं खाऊ शकते. रॅटला आपल्याला न ऐकू येणारेही आवाज ऐकू येतात. गळका नळ आणि चोक खराब झालेली ट्यूबलाइटही बदलून टाका.

२१. ईथर अजून चालतं का? प्रयोगानंतर मारायची योग्य पद्धत कोणती?

ईथर नको. नाक-घसा जाळतं, प्राणी तडफडतो आणि वाफ पेट घेते. क्लोरोफॉर्मही नको. कार्बन डायऑक्साइड सिलिंडर, रेग्युलेटर आणि फ्लोमीटर लावून द्या. प्राणी आत ठेवून मिनिटाला पेटीच्या ३० ते ७० टक्के इतका वायू सोडा. २० लिटरच्या पेटीला ते ६ ते १४ लिटर होतं. आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकू नका. श्वास थांबल्यावरही दुसऱ्या पद्धतीने मृत्यूची खात्री करा. नवजात पिल्लं ह्या वायूला फार वेळ टिकून राहतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत पशुवैद्यकाशी बोलून आधीच ठरवा. आणि हे काम दुसऱ्या प्राण्यांसमोर, त्याच खोलीत नको.

मृत शरीरं पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीकडे. गावाबाहेरच्या खड्ड्यात किंवा नाल्यात नाही.

२२. जे धडधाकट उरलेत, त्यांना रानात सोडून दिलं तर पुण्य नाही का?

पांढरा रॅट पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढला आहे. त्याला रान माहीत नाही, धामण माहीत नाही. तो बहुधा मारला जातो, आणि त्याच्या अंगातलं औषध किंवा जंतू शेतात जातात. सोडणं नियमातही बसत नाही. प्रयोगानंतरच्या सांभाळाची जबाबदारी आणि खर्च संस्थेवर आहे, म्हणून तो प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच धरा. निरोगी ससे आणि गिनीपिग नैतिक समितीच्या लेखी परवानगीने आणि पशुवैद्यकाने तपासल्यावर सांभाळणाऱ्या घरी देता येतात. ज्याला चाचणीचं औषध दिलं आहे, तो प्राणी मात्र असा देऊ नका. देताना त्या घरी उन्हाळ्यात कूलर कुठे लागतो, तेही विचारा.